थोरल्या सुनेचं मशीन

माझा आवाज मोठा आहे, हे मी शाळेपासून ऐकत आलेय. ऑफिसात मी बोलायला लागले की पलीकडच्या टेबलावरचे लोक खुर्च्या मागे सारतात आणि साहेब म्हणतात, “मॅडम, जरा शांत घ्या.” त्या दिवशी तर मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. साहेबांनी आधीच म्हणून टाकलं, “मॅडम, जरा शांत घ्या हं. तुमच्या घरचा विषय आहे.”

हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर आलेख होता. त्यात दोन रेघा. काळी रेघ म्हणजे मागच्या आठवड्यात खरोखर घडलं ते. भर दुपारी बाहेरून वीज आणणारी मोठी लाइन ट्रिप झाली, म्हणजे एकाएकी तुटली, फ्रिक्वेन्सी घसरत गेली आणि अर्धं शहर बंद पडलं. लोक लिफ्टमध्ये अडकले, सिग्नल विझले, नळाचे पंप थांबले. निळी रेघ म्हणजे आमच्या संगणकाच्या मते जे व्हायला हवं होतं ते. ती जराशी खाली वाकून पुन्हा सरळ होत होती. त्या दोन रेघांच्या मधे साहेबांनी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘चार नंबरच्या मशीनने अपेक्षित वाढ दिली नाही. शिफ्टप्रमुखाने गव्हर्नर अडवून ठेवला असावा.’

ती शिफ्टप्रमुख म्हणजे माझी थोरली बहीण. ताई.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. “अडवून ठेवला असावा? असावा म्हणजे काय? कुणी बघितलं?”

“सिम्युलेशन बघितलंय ना,” साहेब गोड हसले. “मशीन मोकळं असतं तर शहर वाचलं असतं. गणित आहे, मॅडम. गणिताला बहीण-भाऊ नसतात.” दोघा-तिघांनी मान डोलावली. साहेबांनी काहीही म्हटलं की मान डोलावणारे दोघे-तिघे आमच्याकडे कायम हजर असतात.

आमचं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शहराला जेवढी वीज लागते, तेवढीच त्या क्षणाला बनावी लागते. कमी पडली की सगळी जनरेटरं मंदावतात. त्या मंदावण्यालाच आम्ही फ्रिक्वेन्सी घसरली म्हणतो. प्रत्येक मशीनवर गव्हर्नर असतो. मशीन मंदावलं की तो वाफेची झडप आणखी उघडतो आणि मशीन जास्त वीज द्यायला लागतं. आमच्या विभागात हे सगळं संगणकात उभं केलेलं आहे. मशीनं, तारा, खप, सगळं. मग संगणकातली एखादी लाइन तोडायची आणि पुढच्या काही सेकंदांत काय होतं ते बघायचं. खऱ्या शहरातला एक दिवाही न विझवता.

यात खपाची बाजू माझी. कुठला भाग किती वीज खातो, ते मी बघते. मशीनांची बाजू बघतो रफू. त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नाही. मॉडेलमध्ये कुठे फाटलं की हा पठ्ठ्या असा टाका घालतो की फाटलं होतं हे कळत नाही, म्हणून रफू. त्याला हे कौतुक वाटतं.

संध्याकाळी मी थेट ताईकडे गेले. तशीही रोज जातेच. माझी लेक शाळा सुटली की तिच्याकडे असते आणि आईही तिच्याकडेच असते. माझा फ्लॅट लहान, माझ्या कामाच्या वेळा वाकड्या, दादा परदेशात. तेव्हा आई ताईकडे राहणार, हे कधी बसून ठरवावंही लागलं नव्हतं.

ताई आईच्या गुडघ्याला मलम चोळत होती. एका हाताने मलम, खांद्यावर फोन, समोर माझी लेक वही घेऊन बसलेली. फोनवर वीजकेंद्राचा कुणीतरी होता. उद्या तिची सुट्टी होती आणि त्याला बदली माणूस मिळत नव्हता.

“बघते,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

“काय बघतेस? सुट्टी आहे ना तुझी?”

“दोन तास जाऊन येते गं.”

“तुला ठाऊक तरी आहे का, तुझ्यावर काय खापर फुटतंय ते?” मी पडद्यावरचं वाक्य शब्द न् शब्द म्हणून दाखवलं. आईने आधी माझ्याकडे, मग ताईकडे बघितलं.

ताईने मलमाचं झाकण लावलं. हात धुऊन आली. मला वाटलं आता तरी भडकेल. कसलं काय! “चौकशी आहे पुढच्या आठवड्यात,” ती म्हणाली. “पत्र आलंय. अहवाल मान्य झाला तर कंट्रोल रूममधून काढणार. कायमचं. स्टोअरला टाकतील.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस?”

“तू ओरडशील म्हणून.”

“ओरडणारच! तोंडात गुळणी धरून बसायला मी काय तू आहे?”

मला काय वाटलं ते सांगते. ताईला त्या कंट्रोल रूममधून काढणं म्हणजे तिचा श्वास काढण्यासारखं आहे. ती तिथे नुसत्या आवाजावरून सांगते की मशीन खूश आहे की कुरकुरतंय. लग्न मोडलं तेव्हा ती रडली नव्हती. बाबा गेले तेव्हा चौथ्या दिवशी शिफ्टला होती. तिला सगळ्या जगात एकच जागा स्वतःची आहे, आणि तिथून हे लोक एका निळ्या रेघेच्या जोरावर तिला उठवणार होते. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी आणखी ओरडते.

“खरं सांग. गव्हर्नर अडवला होतास?”

“मोकळा होता.”

“मग मशीन वाढलं का नाही?”

“वाढलं की. कोळसा दळायची एक मिल दुरुस्तीला काढलीय, त्यामुळे दोनशेच्या वर ते जातच नाही सध्या. एकशे पंच्याण्णववर चाललं होतं.” तिने लेकीच्या वहीतली एक बेरीज बोटाने दाखवली, तिथे चुकलं होतं. “माझ्याकडे पाच मेगावॅट होते. ते दिले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी माझीच बाजू तपासली. उगाच दुसऱ्याच्या गळ्याला हात घालायचा आणि घोळ आपला निघायचा, ते नको. खप चोख होता. मग मी रफूच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

“त्या दुपारचं मॉडेल उघड.”

“साहेबांना विचारलं का?”

“उघडतोस का मी बसू तुझ्या खुर्चीत?”

त्याने उघडलं. लाइन तोडल्यावर काय होतं ते त्याला दाखवायचं होतं. मी म्हटलं, ते नको. लाइन तुटायच्या आधी मशीनं किती देत होती ते दाखव. तो मुकाट्याने मागे गेला. मशीनांची यादी आली. चार नंबरसमोर आकडा होता, दोनशे तीस.

मी दोनदा वाचला. “हे एकशे पंच्याण्णव देत होतं.”

“असेल. पण ती थोरली सून आहे ना.”

हे आमच्या ऑफिसातलं जुनं नाव. मॉडेलमध्ये सगळ्या मशीनांचे आकडे भरले तरी खप आणि निर्मिती यांचा मेळ शेवटी थोडा चुकतोच. जे कमी पडतं ते कुणीतरी भरून काढावं लागतं. त्यासाठी एक मशीन आधीच नेमून ठेवतात. बाकी सगळ्यांनी आपापलं बघायचं आणि उरलंसुरलं त्याच्या गळ्यात. आमच्याकडे त्या मशीनला थोरली सून म्हणतात. चार नंबर कधीकाळी सगळ्यांत मोठं मशीन होतं, म्हणून मान त्याला मिळाला. पुढे त्याहून मोठी मशीनं आली, पण मान काही सुटला नाही. कुणी नवीन रुजू झालं की हे नाव त्याला हसत हसत सांगतात. मीही हसले होते.

“किती उरलं होतं तुझं?” मी विचारलं.

“पस्तीस. ती छोटी केंद्रं आहेत ना तिकडची, त्यांचे खरे आकडे वेळेत आले नव्हते. मग आराखड्यातले घातले. खरी जास्त देत होती म्हणतात.”

“म्हणतात! आणि हे मशीन दोनशेच्या वर जात नाही, तर दोनशे तीसवर बसलं कसं? प्रोग्रामने अडवलं नाही?”

रफू जरा घुटमळला. “इशाऱ्याची लाल रेघ आली होती.”

“मग?”

“मग लिमिट वाढवलं. दोनशे ऐंशी केलं. लाल रेघ गेली.” माझा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, “सगळेच करतात, मॅडम! नाहीतर सिम्युलेशन सुरूच होत नाही. मला आधीच्या माणसाने असंच शिकवलंय.”

कर्म माझं! म्हणजे बघा. जे मशीन जेमतेम दोनशे देऊ शकतं, त्याच्या डोक्यावर या शहाण्यांनी दोनशे तीसचा बोजा ठेवला. प्रोग्राम ओरडला की बाबांनो, हे झेपणार नाही. तर यांनी मशीनचा बोजा नाही कमी केला, त्याची ताकद वाढवली. कागदावर! वर आणखी पन्नास शिल्लक ठेवली. लाइन तुटली तेव्हा संगणकातल्या त्या मशीनने ती पन्नास देऊन टाकली आणि शहर वाचलं. मग हे लोक ताईला विचारताहेत, तुझे पन्नास कुठे गेले?

“दरवेळी करता हे?”

“आठवड्याच्या आराखड्यातही असंच असतं.”

तेव्हा मला सगळं नीट कळलं. कुठल्या मशीनकडे किती राखीव आहे, हे याच आराखड्यावरून मुख्य कंट्रोल रूमला कळवलं जातं. म्हणजे संकटाला लागणारे पन्नास मेगावॅट त्यांनी चार नंबरच्या भरवशावर ठेवले होते, आणि ते पन्नास कधी अस्तित्वातच नव्हते. शहर ताईने बंद पाडलं नव्हतं. आम्ही पाडलं होतं, इथे, थंड हवेच्या हॉलमध्ये बसून.

मी रफूला उठू दिलं नाही. छोट्या केंद्रांचे खरे आकडे आता आलेले होते, ते एकेक करून घालायला लावले. जसजसे ते बसत गेले तसतसा चार नंबरचा आकडा आपोआप खाली येत गेला आणि एकशे पंच्याण्णववर थांबला. मग लिमिट परत दोनशे केलं. लाल रेघ आली नाही. “आता तोड लाइन,” मी म्हटलं. त्याने तोडली. निळी रेघ घसरली, घसरत राहिली आणि थेट काळ्या रेघेवर जाऊन बसली.

“साहेबांना सांगू नका मी दाखवलं म्हणून,” रफू म्हणाला.

साहेबांना मी लगेच सांगितलं. मी ऐकून घेतलं असतं तर मी कसली! साहेबांनी दार लावलं, मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. पाणी मागवलं की समजायचं, माणूस आता आपल्याला गुंडाळणार.

“तुमचं गणित बरोबर असेल,” ते म्हणाले. “नाही म्हणतच नाही मी. पण जरा पुढचा विचार करा. हे बाहेर गेलं तर आजवरच्या सगळ्या आराखड्यांवर बोट येईल. तुमच्या-माझ्या, सगळ्या विभागावर. आपण पुढच्या वेळेपासून दुरुस्त करू ना. गुपचूप.”

“आणि ताई?”

“त्यांना काय होणार आहे? बदली. शिफ्टची दगदग नाही, जागरण नाही. या वयात आरामच मिळेल त्यांना.”

“आराम?” मी उभी राहिले. “तुम्ही कोण तिला आराम देणारे? आधी तिच्या मशीनवर बोजा टाकला, ते झेपत नाही म्हणून ते ओरडलं तर त्याचं तोंड दाबलं, आता पडलं तर म्हणता तिचाच दोष, आणि वर उपकार केल्यासारखं आराम देताय?”

“मॅडम, जरा शांत—”

“शांत गेलं खड्ड्यात!”

बाहेर सगळ्यांनी खुर्च्या मागे सारल्या असणार. चौकशीला बोलवायच्या लोकांत माझं नाव होतं, ते साहेबांनी त्याच दुपारी काढलं. जवळच्या नात्यातली म्हणून. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “येऊ नकोस. तू ओरडशील.”

“येणार.”

“बरं, मग निदान मागे बस.”

चौकशीची खोली लांबट होती. मधे टेबल, एका टोकाला अध्यक्षबाई. त्या निवृत्त इंजिनिअर होत्या, चष्मा नाकावर आणि कपाळावर आठी. एका बाजूला साहेब आणि लॅपटॉप मांडून बसलेला रफू, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्राचे मुख्य आणि ताई. ताईने पांढराशुभ्र शर्ट घातला होता आणि हात मांडीवर जुळवून ती बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. मी भिंतीशी बसले. दारावरच्या माणसाने नाव विचारलं तेव्हा मी विभागाचं नाव सांगितलं होतं, ते काही खोटं नव्हतं.

साहेबांनी निळी रेघ दाखवली. फार छान बोलतात ते. यंत्र, माणूस, जबाबदारी, असं सगळं. ताईबद्दल ‘अनुभवी’ म्हणाले, ‘कदाचित क्षणभर गोंधळल्या असतील’ म्हणाले. मी बसल्या जागी दातओठ खात होते. अध्यक्षबाईंनी ताईला विचारलं, “तुम्हाला काही म्हणायचंय?”

ताई म्हणाली, “गव्हर्नर मोकळा होता.” बस, एवढंच! पुढे काही बोलेना. तिला वाटतं, खरं एकदा सांगितलं की झालं.

मी उठले. “त्याला मागे जायला सांगा!”

सगळ्या माना वळल्या. साहेब लगेच म्हणाले, “या त्यांच्या भगिनी आहेत. यांना इथे—”

“मी खपाची बाजू बघते, याच मॉडेलची. मला बाहेर काढा, पण त्याआधी त्याला लाइन तुटायच्या आधीचा पडदा दाखवू दे. एकच पडदा. मशीनं किती देत होती तो.” माझा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. “दाखव ना रे! तुझंच काम आहे ते!”

रफूने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी किंचित मान हलवली, नाही म्हणून. मग रफूने ताईकडे बघितलं. त्याने तिला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असेल. इतकी वर्षं तो तिच्या डोक्यावर उरलंसुरलं टाकत होता आणि ती दिसते कशी हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने बटण दाबलं.

अध्यक्षबाई पुढे वाकल्या. “चार नंबर, दोनशे तीस.” मग त्यांनी केंद्राच्या मुख्यांकडे हात केला. त्यांनी त्या दुपारचा मीटरचा आकडा सांगितला, एकशे पंच्याण्णव. बाईंनी चष्मा काढला. “एकच मशीन एकाच वेळी दोन आकडे कसं देत होतं?”

साहेबांनी घसा खाकरला. शेवटी रफूच बोलला, खाली मान घालून. लाल रेघ, लिमिट, थोरली सून, सगळं. थोरली सून म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की बाईंनी पुन्हा विचारलं आणि त्याला पुन्हा म्हणावं लागलं. या वेळी कुणी हसलं नाही.

“म्हणजे राखीव वीज नव्हतीच,” बाई म्हणाल्या. “आणि नसलेली वीज दिली नाही म्हणून तुम्ही यांना घालवत होता.”

मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण त्यांची जात मोठी चिवट. त्यांनी वही पुढे ओढली आणि एकदम कामाच्या सुरात म्हणाले, “ठीक आहे. चूक झाली, दुरुस्त करू. आता आराखड्यात चार नंबरसाठी काय धरायचं ते इथेच ठरवू. दोनशे म्हणजे फारच कमी होतं, बाकीचं गणित कोलमडेल. दोनशे दहा लिहू या. दहाने काय होतंय? मॅडम, जमेल ना एवढं?”

हे त्यांनी ताईला विचारलं. केंद्राचे मुख्यही तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं, मिटव बाई एकदाचं. मला माहीत होतं ती काय म्हणणार. तो शब्द मी जन्मभर ऐकलाय.

“नाही,” ताई म्हणाली.

“थोडं तरी—”

“नाही. मिल दुरुस्त होईपर्यंत दोनशे. झाली की मी स्वतः कळवेन.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता, चढलेला नव्हता.

साहेब हसले. “पण फोनवर तुम्हीच दरवेळी हो म्हणत आलात की. मुख्य कंट्रोल रूमवाले विचारतात, थोडं वाढवता का, तर तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. मग आम्ही काय समजायचं?”

हा घाव बरोबर बसला. ताईने क्षणभर खाली बघितलं. “‘हो’ नाही म्हणाले. ‘बघते’ म्हणाले,” ती म्हणाली. “मी बघते म्हणते आणि लोक हो धरतात. मला ते कळत होतं, तरी म्हणत राहिले. ती माझी चूक. आता ‘नाही’ म्हणतेय, तर ते ‘नाही’च धरा.”

अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हाताने आकडा लिहिला. ताईवरचा आरोप तिथल्या तिथे काढला, आणि आमच्या विभागाचे सगळे जुने आराखडे मागवले. साहेब लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले. ते त्यांचं काम नव्हतं, पण हाताला काहीतरी हवं असावं.

बाहेर पायऱ्यांवर मी ताईला मिठी मारली. ती जरा अवघडली, तिला सवय नाही. मी मात्र सुटले होते. “कसा चेहरा पडला गं त्याचा! नाकाला मिरच्या झोंबल्या नुसत्या! आणि तू! तू चक्क नाही म्हणालीस! मी तुला किती वर्षं सांगतेय, लोक तुझ्या डोक्यावर वाट्टेल ते आणून टाकतात आणि तू टाकू देतेस!”

“हं.”

“आता कुणाचं काही ऐकायचं नाही. समजलं? बरं, ऐक ना, शनिवारी मला ऑफिसात जावं लागणार, जुने आराखडे काढायचेत. तेव्हा लेकीला सकाळीच तुझ्याकडे सोडते. रात्री राहू दे वाटल्यास.”

“नाही,” ताई म्हणाली.

मला आधी ती गंमत करतेय असंच वाटलं. तिने पायरीवर पिशवी ठेवली आणि माझ्याकडे वळली. “शनिवारी नाही. आणि पुढच्या सोमवारपासून शाळेतून तू आण तिला. आईलाही तुझ्याकडे ने. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. दादाशी मी बोलेन, त्यालाही काहीतरी वाटून घेऊ दे.”

“माझ्याकडे? अगं, माझ्याकडे जागा कुठेय?”

“छोटी खोली आहे.”

“त्यात सामान आहे! माझ्या कामाच्या वेळा तुला ठाऊक आहेत. एकदम असं कसं? थोडे दिवस तरी—”

तिने पिशवी उचलून खांद्याला लावली. मीच वाक्य पुरं केलं नाही. ते ‘थोडं तरी’ मी आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी, टेबलाच्या पलीकडून ऐकलं होतं, आणि ऐकून मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला होता.

मला राग आला. असा राग आला की काय सांगू! आज मी हिच्यासाठी भर सभेत उभी राहिले, नोकरी पणाला लावली, आणि ही मलाच ‘नाही’ सुनावते? साहेबांनंतर लगेच मला? मी फणकाऱ्याने गाडीत बसले, दार आपटलं. ताईने वाकून काचेवर टकटक केली. काच खाली केली तर म्हणाली, “मागचा टायर बसलाय, हवा भरून घे.” आणि बसस्टॉपकडे चालू लागली. मला तिच्यावर ओरडायला काहीही सापडेना, तेव्हा मी लेकीला शाळेतून घेतलं आणि वाटेतल्या प्रत्येक गाडीवर हॉर्न वाजवत घरी आले.

घरी आल्यावर छोट्या खोलीचं दार उघडलं. ते नीट उघडतही नव्हतं, मागे खोकी होती. जुनी पुस्तकं, लेकीची लहानपणची गादी, एक व्यायामाची सायकल, जिच्यावर दोन वर्षं नुसते कपडे वाळताहेत. मी एकेक खोकं ओढून बाहेर काढलं. प्रत्येक खोक्यागणिक कुणाला ना कुणाला शिव्या घातल्या. साहेबांना, रफूला, दादाला, ताईला. सायकल दारात अडकली तेव्हा ताईला दोन जास्तीच्या घातल्या. लेक बाहेरून म्हणाली, “आई, कुणाशी भांडतेस?” मी म्हटलं, “कुणाशी नाही. ते टोक धर.”

खोली झाडून होत आली तेव्हा फोन वाजला. आई होती.

“अगं, ताईला काय झालंय?” ती हळू आवाजात म्हणाली, ताईला ऐकू जाऊ नये अशा. “म्हणते, आता तुझ्याकडे राहायचं मी. म्हटलं, तिची धावपळ असते, तिला नाही झेपायचं, इथेच बरी आहे मी. तर सरळ नाही म्हणाली. माझ्या तोंडावर! बरी आहे ना ती?”

“बरी आहे.”

“मग हे काय नवीनच? तुला जमणार आहे का गं? खरं सांग.”

खोलीत एक खिडकी होती हे मी विसरलेच होते. खोकी हलल्यावर उजेड थेट फरशीवर आला होता आणि फरशी चांगलीच घाण दिसत होती. माझ्या तोंडात ‘बघते’ आलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “तुझं मलम आणि औषधं वेगळी भरून ठेव. रविवारी येते न्यायला.”